‘आयर्न हॉर्स’मधली ती दोन इंजिनं

शेवटचा खिळा ठोकला जाण्याच्या जरा आधी पडद्यावर एक पाटी येते. मूकपटांच्या काळात संवाद, निवेदन, उपदेश सगळं पाट्यांवरच चालायचं, तेव्हा पाटी आली यात नवल नाही. ही पाटी मात्र सांगते की समोर उभी असलेली दोन इंजिनं अमेरिकेचा पहिला आरपार रेल्वेमार्ग जोडला गेला त्या १८६९ सालच्या सोहळ्यातलीच आहेत, अगदी मूळ. धडधडीत थाप. पूर्वेकडून रूळ टाकत आलेल्या युनियन पॅसिफिक कंपनीचं ११९ क्रमांकाचं इंजिन १९०३ मध्येच भंगारात निघालं होतं आणि पश्चिमेकडून आलेल्या सेंट्रल पॅसिफिकचं ‘ज्युपिटर’ १९०९ मध्ये. जॉन फोर्डचा ‘द आयर्न हॉर्स’ प्रदर्शित झाला तो २८ ऑगस्ट १९२४ रोजी, न्यूयॉर्कच्या लिरिक थिएटरात.

चित्रपटात इतिहास वाकवतात यात नवीन काही नाही. इथे गंमत अशी, की हा चित्रपट सुरुवातीलाच छाती ठोकून सांगतो की घटना आणि वातावरण दोन्ही बाबतींत यातला बारीकसारीक तपशील अचूक आहे. प्रेक्षकानं मागितलेली नसताना दिलेली हमी. दुकानदारानं आपणहून ‘दूध शुद्ध आहे हो’ म्हटलं की आपण पातेल्यात डोकावतोच, तसं मी या एका हमीच्या बाबतीत केलं. अमेरिकेतल्या पहिल्या आरपार रेल्वेमार्गावरच्या या मूकपटात नेमकं खरं काय आहे, खोटं काय आहे, आणि खोट्याचं पुढे काय झालं, एवढाच या प्रकरणाचा विषय.

हमी का द्यावी लागली

१९२३ मध्ये पॅरामाउंटचा ‘द कव्हर्ड वॅगन’ आला आणि धो धो चालला. छपराच्या बैलगाड्यांचे तांडे पश्चिमेकडे निघाले आहेत, नदी ओलांडताहेत, असा तो पट. तोवर वेस्टर्न म्हणजे आठवड्याला एक पडणारा स्वस्त माल होता. त्या चित्रपटानं त्याला राष्ट्रपुराणाचा दर्जा दिला. फॉक्स कंपनीला त्याला तोडीस तोड उत्तर हवं होतं. बैलगाडीला उत्तर आगगाडीच.

दिग्दर्शक फोर्ड तेव्हा तिशीला टेकला होता. १९१७ पासून नट हॅरी केरीबरोबर ढिगानं वेस्टर्न केलेले, नाव अगदी आदल्या वर्षापर्यंत पडद्यावर ‘जॅक फोर्ड’ असं यायचं. नायक जॉर्ज ओब्रायन, नौदलात असताना मुष्टियुद्ध गाजवलेला, त्याची ही पहिली मोठी भूमिका. नायिका मॅज बेलामी. लिंकनच्या भूमिकेसाठी तर नटच घेतला नाही. चार्ल्स एडवर्ड बुल नावाचे नेव्हाडातल्या रीनोचे एक न्यायाधीश लिंकनसारखे दिसायचे, त्यांनाच उभं केलं. हेही त्या हमीचंच अंग. चेहरा खरा वाटला पाहिजे. जाहिरातीत २,८०० घोडे, १,३०० गवे आणि १०,००० बैल असले आकडे झळकत होते. ते कुणी मोजले असतील यावर माझा विश्वास नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. इलिनॉयमधला एक भूमापक पश्चिमेला रेल्वे नेण्याचं स्वप्न पाहत मुलाला घेऊन निघतो आणि वाटेत शायेन या मूळ रहिवासी जमातीच्या टोळीकडून मारला जातो. टोळीचा म्होरक्या मात्र शायेन नसून त्यांच्या वेषातला गोरा असतो, आणि त्याच्या एका हाताला दोनच बोटं असतात. मुलगा मोठा होतो, रेल्वेच्या कामावर येतो, बालपणीची मैत्रीण कंत्राटदाराची मुलगी म्हणून भेटते, तिचं लग्न ठरलेला इंजिनिअर लाच खातो. हिंदी चित्रपट पाहून वाढलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. दोन बोटं दिसली की हिशेब चुकता होणारच.

वॉड्सवर्थचा मुक्काम

चित्रीकरण १९२४च्या जानेवारीत नेव्हाडातल्या वॉड्सवर्थजवळच्या माळावर सुरू झालं. ही जागा मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात भक्कम पुरावा वाटते, आणि त्याचा उल्लेख पडद्यावर कुठेच नाही. वॉड्सवर्थ हे सेंट्रल पॅसिफिकच्याच मार्गावरचं गाव. १८६८ मध्ये सिएरा नेवाडाचे डोंगर उतरून आलेला मार्ग इथूनच वाळवंटात शिरला. म्हणजे फोर्डनं रूळ टाकण्याचा देखावा उभा केला तो खरोखर रूळ पडले होते त्या मुलखात. चित्रपटात मात्र तोच माळ बहुतेक वेळ हजार मैल पूर्वेकडची, युनियन पॅसिफिकची मैदानं म्हणून वावरतो.

राहायला जागा नव्हती म्हणून अल जी. बार्न्स सर्कसची आगगाडी भाड्यानं घेतली आणि माणसं तिच्या डब्यांतून झोपली. जिथे जनावरं प्रवास करायची तिथे नट. थंडी हाडं फोडणारी, त्यात बर्फ कोसळला. कथा उन्हाळ्यातल्या मैदानांची, आणि बाहेर सगळं पांढरं. मग फावडी घेऊन बर्फ बाजूला सारायचा, माती उघडी करायची, तेवढ्या तुकड्यात दृश्य उरकायचं. नाहीतर बर्फासकट चित्रित करून गोष्टीत हिवाळा आणायचा. उबेसाठी लोक वेषभूषेचे कपडेच अंगावर चढवून फिरत. फोर्ड पुढे सांगायचा की ही मुळात चार आठवड्यांची साधी गोष्ट होती, बर्फात अडकल्यावर करायला दुसरं काहीच नव्हतं म्हणून चित्रीकरण करत राहिलो आणि गोष्ट वाढत गेली. फोर्डच्या आठवणी मीठमसाला लावलेल्या असतात हे मान्य करूनही एवढं दिसतं: सुमारे दोन लाख ऐंशी हजार डॉलर खर्चून अडीच तासांचा पट तयार झाला आणि त्यानं वीस लाखांहून जास्त कमावले.

आता मूळ काम आठवा. १८६६-६७च्या हिवाळ्यात सिएरा नेवाडात ४४ हिमवादळं झाल्याची नोंद आहे. चिनी मजूर बर्फाखालून भुयारं खणून झोपडीतून बोगद्याच्या तोंडापर्यंत जात-येत होते. सहा क्रमांकाचा शिखरबोगदा १,६५९ फुटांचा. ग्रॅनाइट इतका कठीण की कामाला वेग यावा म्हणून मधून एक उभी विहीर खणली आणि दोन्ही टोकं व मध्यातून दोन्ही दिशांना, अशा चार तोंडांनी काम चालवलं. सुरुंगाची काळी दारू पुरेना तेव्हा नायट्रोग्लिसरीन वापरलं. बर्फाच्या लोटांनी माणसं छावणीसकट वाहून गेली.

फोर्डच्या माणसांचे हाल याच्या पासंगालाही पुरणारे नाहीत. तरी पडद्यावर रूळ ओढणारी, घण उचलणारी माणसं ज्या प्रकारे खांदे आखडून चालतात, तोंडातून वाफ निघते, ते अभिनयानं येत नाही. छायालेखक जॉर्ज श्नायडरमनच्या चौकटीत माणूस लहान आणि माळ मोठा असतो. एका दृश्यात गाडीवर हल्ला करणाऱ्या घोडेस्वारांच्या आधी त्यांच्या सावल्या डब्याच्या अंगावर सरकतात. ते दृश्य पाहिलं की हमी, थाप, सगळं विसरायला होतं.

मी कर्जतचा. मागून ढकलणारं बँकर इंजिन लागण्याचा धक्का बसल्याशिवाय गाडी घाटात गेली असं आम्हाला वाटत नाही. बोरघाटाचं काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६३ मध्ये पुरं झालं. त्याच वर्षी जानेवारीत सॅक्रामेंटोत सेंट्रल पॅसिफिकची पहिली कुदळ पडली. आमच्या घाटातही हजारो मजूर कॉलऱ्यानं, तापानं आणि सुरुंगांनी गेले. कंत्राटदार ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, काम तडीस नेलं. एवढी तयार पटकथा हाताशी असून त्यावर कुणी चित्रपट काढलेला मला तरी दिसला नाही. म्हणून फोर्डवर टीका करताना माझा हात जरा आखडतो.

१० मे १८६९

शेवटचं दृश्य युटामधल्या प्रॉमंटरी समिटचं. फोर्डनं ते अँड्र्यू रसेलच्या प्रसिद्ध छायाचित्राबरहुकूम रचलंय: समोरासमोर दोन इंजिनं, वर चढलेली माणसं, उंचावलेल्या बाटल्या, मध्यभागी हस्तांदोलन करणारे दोघे मुख्य इंजिनिअर. छायाचित्राशी ताडून पाहिलं तर नक्कल झकास आहे. पण छायाचित्रच मुळात मांडलेला देखावा होता, तेव्हा त्याची अचूक नक्कल म्हणजे मांडणीची नक्कल.

त्या दिवशीचं वास्तव चित्रपटापेक्षा विनोदी होतं. समारंभ ठरला होता ८ मेला. युनियन पॅसिफिकचा उपाध्यक्ष थॉमस ड्युरंट वेळेवर पोचलाच नाही, कारण वायोमिंगमधल्या पीडमाँटला पगार थकलेल्या मजुरांनी त्याचा डबाच अडवून धरला. पैसे आल्यावर सुटका. पलीकडून सेंट्रल पॅसिफिकचा अध्यक्ष लेलंड स्टॅनफर्ड याला आणणारं इंजिन मूळचं ‘अँटलोप’. वाटेत कड्यावरून लोटलेला एक ओंडका त्यावर आदळला आणि ऐन वेळी ‘ज्युपिटर’ जोडावं लागलं. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध इंजिनांपैकी एक तिथे पोचलं ते बदली कामगार म्हणून. सोन्याचा खिळा ठोकलाच नाही. सोनं मऊ, घण बसला असता तर वाकलं असतं. आधीच भोक पाडलेल्या लॉरेलच्या पॉलिशदार स्लीपरमध्ये तो अलगद ठेवला आणि लगेच काढून घेतला. मग साधं लाकूड, साधा लोखंडी खिळा. स्टॅनफर्डनं घण उगारला आणि त्याचा नेम चुकला, असं परंपरा सांगते. तारायंत्रावरून देशभर एकच शब्द गेला: ‘झालं’.

नेम चुकलेला धनाढ्य आणि ओलीस धरलेला उपाध्यक्ष. फोर्डसारख्या विनोदाची जाण असलेल्या माणसानं हे सोडून दिलं याचं मला वाईट वाटतं. त्याचा विनोद सगळा पिऊन भांडणाऱ्या तीन माजी सैनिकांवर आणि दारूच्या गुत्त्यात न्यायदान करणाऱ्या जज्जावर खर्च झाला.

दोन बोटांचा खलनायक

चित्रपटातला दुष्ट माणूस म्हणजे डेरू नावाचा जमीनदार. मार्ग आपल्या जमिनीवरून वळवावा म्हणून तो कट करतो. मार्ग लांबवून पैसे उकळणं, हा आरोप इतिहासात खराच आहे. फक्त आरोपी वेगळे होते. १८६२च्या कायद्यानं कंपन्यांना मैलावर सरकारी कर्जरोखे मिळत: सपाटीला मैलामागे १६,००० डॉलर, चढउताराला ३२,०००, डोंगराला ४८,०००. मैल जितके जास्त आणि डोंगर जितके जवळ, तितका पैसा. सिएरा नेवाडाचा पायथा नेमका कुठे सुरू होतो हा भूगोलाचा प्रश्न झटक्यात तिजोरीचा झाला. सेंट्रल पॅसिफिकवाल्यांनी तो सॅक्रामेंटोपासून जेमतेम सात मैलांवर, डोळ्यांना डोंगर दिसतही नाही अशा ठिकाणी दाखवला. मंजुरी दिली खुद्द लिंकननं. पडद्यावर वत्सल नजरेनं रेल्वेचं स्वप्न पाहणारा तोच लिंकन.

युनियन पॅसिफिकनं ओमाहाजवळ मार्गाला वळसा घालून नऊ मैल वाढवले. दोन्ही कंपन्या कुठे भेटणार हे ठरलेलंच नसल्यामुळे त्यांच्या भरावाच्या टोळ्या एकमेकींना ओलांडून समांतर पुढे जात राहिल्या. १८६९च्या एप्रिलमध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, जागा ठरवली तेव्हा ते थांबलं. क्रेदी मोबिलिए ही बांधकाम कंपनी युनियन पॅसिफिकच्याच आतल्या लोकांनी काढलेली, आपणच आपल्याला चढ्या भावानं कंत्राट द्यायचं. १८७२ मध्ये ते बाहेर आलं तेव्हा काँग्रेसच्या सभासदांना वाटलेले शेअरही बाहेर आले. डेरूला दोनच बोटं होती. या मंडळींची दहाही शाबूत होती.

हल्ल्यांचंही तेच. शायेनांनी १८६७च्या ऑगस्टमध्ये नेब्रास्कात प्लम क्रीकजवळ रूळ उचकटून गाडी खरोखर पाडली होती. चित्रपटात मात्र त्यांना भडकवायला गोरा माणूस लागतो. जणू अमेरिकी सैनिकांनी १८६४ मध्ये केलेल्या शायेनांच्या सँड क्रीकच्या कत्तलीनंतर, गव्यांचे कळप मधोमध तोडणारा लोखंडी मार्ग पाहूनही त्यांना स्वतःचं कारण नव्हतं. रेल्वेच्या रक्षणासाठी पॉनी या दुसऱ्या जमातीचे स्काउट घोड्यावर होते, म्हणजे मूळ रहिवासीही एका बाजूला नव्हते. एवढी गुंतागुंत मूकपटाला पेलली नसती असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. पाटी खोटी इंजिनं पेलू शकते तर हेही पेलली असती.

आणि चिनी मजूर. चित्रपटात ते आहेत, पश्चिमेकडून येणारी मेहनती गर्दी म्हणून. १९२४च्या हॉलिवुडकडून एवढंही पुष्कळ. रसेलच्या त्या गाजलेल्या छायाचित्रात चिनी चेहरा शोधायला बसावं लागतं, आणि तिथला शेवटचा रूळ चिनी टोळीनं बसवला होता. सेंट्रल पॅसिफिकच्या ६९० मैलांचं बहुतांश काम त्यांचं. १८६७च्या जूनमध्ये हजारो चिनी मजुरांनी पगार आणि तासांसाठी संप केला. कंपनीच्या बांधकामाचा प्रमुख चार्ल्स क्रॉकर यानं रसद तोडली आणि आठवडाभरात उपाशीपोटी संप मोडला. चित्रपटात संप आहे, पण इटालियन मजुरांचा, तोही नायिकेच्या दोन गोड शब्दांनी मिटणारा. १८६०च्या दशकात युनियन पॅसिफिकवर इटालियन असे होते तरी किती? ते १९२४च्या अमेरिकेतून उचलून तिथे ठेवलेत.

१९२४च्या मे महिन्यात अमेरिकेनं स्थलांतराचा नवा कायदा केला. त्यानं आशियाई माणसाला दार जवळजवळ पूर्ण बंद झालं, चिन्यांना तर ते १८८२ पासून बंदच होतं, आणि इटालियनांचा कोटा चिमूटभर उरला. भारतीय गोरे ठरत नाहीत म्हणून नागरिकत्वाला अपात्र, हा भगतसिंग थिंद खटल्याचा निकाल आदल्याच वर्षीचा. जूनमध्ये दुसरा कायदा झाला आणि अमेरिकेत जन्मलेल्या सगळ्या मूळ रहिवाशांना नागरिकत्व मिळालं. ऑगस्टमध्ये लिरिक थिएटरात हा चित्रपट लागला. आयरिश, इटालियन, चिनी हात एका रुळावर दाखवणारा आणि शायेनांना रुळाआड येणारे म्हणून दाखवणारा.

इंजिनांचं पुढे काय झालं

१९३९ मध्ये सेसिल बी. डिमिलनं पॅरामाउंटसाठी हीच गोष्ट पुन्हा सांगितली, ‘युनियन पॅसिफिक’ नावानं, बार्बरा स्टॅनविक आणि जोएल मॅक्रीला घेऊन. पहिला खेळ ओमाहात झाला, त्यासाठी गावातल्या पुरुषांनी दाढ्या वाढवल्या. त्याच्या प्रचारात इंजिनांबद्दल थाप मारायची गरज नव्हती, कारण डिमिलनं स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून अस्सल सोन्याचा खिळाच उसना आणला. म्हणजे जो खिळा मूळ समारंभात ठोकलाच नव्हता, तो नकली समारंभात खरा होता. (त्याच वर्षी कान महोत्सव १ सप्टेंबरला सुरू व्हायचा होता, त्याच दिवशी जर्मनी पोलंडमध्ये घुसला. त्या न झालेल्या महोत्सवाचं पारितोषिक २००२ मध्ये या चित्रपटाला देण्यात आलं.)

त्या सुमारास पॅरामाउंटनं नेव्हाडातल्या व्हर्जिनिया अँड ट्रकी रेल्वेकडून जुनी इंजिनं विकत घेतली होती, ‘इन्यो’ आणि ‘डेटन’ त्यातलीच. पुढची कित्येक वर्षं ती वेगवेगळी नावं घेऊन चित्रपटांत धावली. इकडे प्रॉमंटरीची रया गेली होती. १९०४ मध्ये ग्रेट सॉल्ट लेकमधून थेट मार्ग झाला, जुन्या वाटेवर गाड्या विरळ झाल्या, आणि १९४२ मध्ये युद्धाला लोखंड हवं म्हणून रूळच उखडून नेले. शेवटचा खिळा समारंभपूर्वक काढला, तेव्हा मात्र कुणाचा नेम चुकला असेल असं वाटत नाही.

१९६९ला शताब्दी आली. दोन इंजिनं समोरासमोर उभी करायची, पण मूळ तर भंगारात जाऊन साठ वर्षं झालेली. मग सरकारी समारंभात ‘ज्युपिटर’ म्हणून ‘इन्यो’ उभं राहिलं आणि ‘११९’ म्हणून ‘डेटन’. हॉलिवुडची नटलेली इंजिनं. पाहुण्यांत जॉन वेन होता. परिवहनमंत्री जॉन व्होल्पींनी बर्फातून बोगदे खोदण्याचं श्रेय अमेरिकनांना दिलं. चिनी मजुरांच्या वतीनं बोलायला आलेल्यांना बोलू दिलं नाही. फोर्डच्या पाटीला पंचेचाळीस वर्षांनी राजमान्यता मिळाली म्हणायची.

पुढे मात्र नॅशनल पार्क सर्व्हिसनं काम नीट करायचं ठरवलं. मूळ आराखडे मिळाले नाहीत, म्हणून छायाचित्रं मोठी करून त्यांवरून मापं काढली, कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसाच्या एका कार्यशाळेत दोन्ही इंजिनं नव्यानं घडवली आणि १० मे १९७९ रोजी ती प्रॉमंटरीला समोरासमोर आली. वाफेवर चालणारी, शिट्टी देणारी, हुबेहूब.

‘ज्युपिटर’ लालभडक रंगवलं होतं. इंजिन तसंच असणार असा सगळ्यांचा समज होता. बऱ्याच वर्षांनी, १९९०च्या दशकात, १८६९ सालच्या एका वर्तमानपत्रातलं वर्णन हाती लागलं आणि कळलं की ते मुख्यतः निळं होतं. तेव्हा ते उतरवून पुन्हा रंगवावं लागलं. रसेलचं छायाचित्र कृष्णधवल, फोर्डचा चित्रपट कृष्णधवल. रंगाची हमी तेवढी त्या पाटीनं दिली नव्हती.